शब्दांची माहेरं

"रडत होती म्हणजे नापासच झाली, हे कुणी ठरवलं?" सुनीतीने कोथिंबिरीची जुडी ताटात आपटली.

"मग काय, आनंदाने रडत होती?" श्यामसुंदर पेपर खाली न घेताच म्हणाला. "उरणच्या बसमधून उतरली ती डोळ्याला रुमाल लावूनच. तुझ्या वर्गातल्या वेणूबाईंनी हाक मारली तर म्हणे, 'साहेबांनी विचारलं आणि मी आधी माहेर सांगितलं, सगळे हसले.' एवढं बोलून रिक्षात बसून गेली. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

"पुरावा कसला? घरात बसलाय तुम्ही, ऑफिसात नाही."

"ऑफिसात तरी बरं. तिथं विचारल्या प्रश्नाचं उत्तर देतात माणसं."

"तुमच्या ऑफिसात? विचारल्या प्रश्नाचं?"

कॉटवर पालथी पडून अभ्यास करणारी ऋता उशीत तोंड खुपसून हसली. माई, म्हणजे श्यामसुंदरची आई, गॅलरीच्या दारात वाती वळत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मुलगा आणि सून यांच्यात जुंपली की कुणाच्या बाजूला वळायचं हे त्या शेवटपर्यंत ठरवत नसत.

"शाळेतल्या मुलांसारखं शिकव म्हणून किती वेळा सांगितलं," श्यामसुंदरने आता पेपर घडी करून ठेवला. "अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं. बाजारात गाइडं मिळतात. ते सोडून हिचं आपलं, हा शब्द कुठून आला, तो कुणाची बहीण! त्या पोरीने खरंच तिथं जाऊन बहिणी सांगितल्या. चेष्टाच झाली ना तिची?"

हे मात्र सुनीतीला लागलं. कारण रात्रभर तीही हेच म्हणत होती, फक्त मनात.

रंजिता तिच्या दुपारच्या वर्गातली. बेलापूर गावातल्या मढवींची धाकटी सून, बारावी झालेली. आदल्या दिवशी, शनिवारी, द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात तिची मुलाखत होती. गेला महिनाभर सुनीतीने तिची तयारी करून घेतली होती, आणि स्वतःच्या पद्धतीनेच करून घेतली होती.

"आता तरी ऐक," श्यामसुंदर जरा मऊ आवाजात म्हणाला. मऊ आवाज आला की तो काहीतरी आधीच ठरवून आलेला असतो, हे तिला वीस वर्षांत कळलं होतं. "स्टेशनजवळच्या त्या क्लासवाल्यांना मी शब्द दिलाय. एक तारखेपासून दुपारची बॅच तुझी. नोट्स तेच देणार, तू फक्त लिहून द्यायच्या मुलांना. आपला हॉलही मोकळा होईल."

"मला न विचारता शब्द दिलात?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

सुनीतीने कोथिंबिरीचे देठ खुडले, खुडलेले परत ताटात टाकले, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ठीक आहे. ती पोर माझ्या शिकवण्यामुळे नापास झाली असेल, तर वर्ग बंद. जाते मी तुमच्या क्लासवाल्यांकडे."

"माई, ऐकलंस ना?" श्यामसुंदर लगेच म्हणाला.

"ऐकलं," माई म्हणाल्या. "कान शाबूत आहेत माझे."

शब्द गेला तो गेला. सुनीती स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला लागली, आणि कणकेवर जरा जास्तच जोर निघाला.

ही सुनीती मूळची सुनीती नव्हती. माहेरी कराडला ती सरस्वती. पण माईंच्या सासूबाईंचंही नाव सरस्वती होतं. सुनेला त्या नावाने हाक कशी मारणार, म्हणून लग्नात तांदळात सुनीती हे नाव लिहिलं गेलं. कुणी वाईट हेतूने केलं नाही. तिलाही तेव्हा काही वाटलं नव्हतं. वाटलं ते पुढे, बेलापूरला सिडकोच्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर. तेव्हा इथं इमारती होत्या आणि इमारतींत माणसं नव्हती. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, माई झोपलेल्या. खाडीवरचा वारा खिडक्या आपटत राहायचा. भाजीला गावात जायचं, तर तिथल्या रद्दीवाल्याकडे एक जाडजूड इंग्रजी कोश दिसला. उचलला तर हलका लागला. वरचा पुठ्ठा आणि सुरुवातीची ए, बी, सीची सगळी पानं गेलेली. कोश सुरू व्हायचा तो डीच्या मधूनच. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण तिथं शब्दांचे अर्थ पाठ केले होते. शब्द कुठून आले, कुणाच्या घरातून निघाले, हे कुणी सांगितलं नव्हतं. या कोशात प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात ते होतं.

ती वाचत गेली. दुपारी दूध आणायला जाताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना तेच डोक्यात. मग शेजारच्या दोघीतिघी इंग्रजी शिकायला येऊ लागल्या, त्यांच्या मागून गावातल्या सुना आल्या, आणि तिचा वर्ग सुरू झाला. तिने त्यांना शिकवलं ते बायकांना कळेल अशाच रीतीने. शब्दाला माहेर असतं आणि सासर असतं. जिथून आला ते माहेर, आज ज्या अर्थाने नांदतो ते सासर. दिसायला सारखे दोन शब्द आले की पहिला प्रश्न हाच, या सख्ख्या बहिणी की जावा? एका माहेरच्या असतील तर बहिणी. माहेरं वेगळी आणि नुसतं एका घरात राहून सारख्या दिसायला लागल्या असतील तर जावा.

होर्ड आणि होर्ड, या जावा. मधे ओ आणि ए असलेली म्हणजे साठवून ठेवणं, तिचं माहेर जुन्या इंग्रजीत, खजिन्याच्या घरात. शेवटी ई असलेली म्हणजे झुंड, टोळधाड. ती तुर्की छावणीतून आलेली, आपल्या उर्दूची सख्खी बहीण. वीनल म्हणजे विकाऊ, वीनियल म्हणजे माफ करण्याजोगा. या पण जावाच. एकीचं माहेर बाजारात, दुसरीचं क्षमेत. हे शिकवलं त्या दिवशी वेणूबाईंनी खुंटीवरच्या श्यामसुंदरच्या सरकारी बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, "आणि साहेब यातले कुठले हो?" तेव्हापासून तो बॅग आतल्या खोलीत ठेवायचा.

आणि दोन मसल. दंडातला स्नायू आणि काळ्या शिंपल्यातला तो खाडीतला प्राणी. या सख्ख्या बहिणी. दोघींचं माहेर लॅटिनमधलं छोटं उंदराचं पिलू. रोमन माणसाने दंड वाकवला आणि त्याला कातडीखाली उंदीर पळताना दिसला.

"आपल्याला बेडूक दिसला," रंजिता पटकन म्हणाली होती. "बेडकुळी!"

वर्गातल्या सगळ्या बायकांनी त्या दिवशी कोपर वाकवून बेडकुळ्या काढून पाहिल्या. सुनीतीला ती पोर तेव्हापासून आवडायला लागली. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. एकदा डिमर आणि डिम्युअर चाललं होतं. डिमर म्हणजे हरकत घेणं, डिम्युअर म्हणजे खाली मान घालणारी, सालस. डिमरचं माहेर रेंगाळण्यात. डिम्युअरचं नक्की नाही, दोन घरं तिच्यावर हक्क सांगतात. रंजिता हळूच म्हणाली, "म्हणजे बाई, हरकत घेणारीला मागून एक ई चिकटली की ती गप्प होते." सगळ्या हसल्या. रंजिता हसली नाही.

कुणी विचारलं की आधी अर्थ सांगून मोकळं का नाही व्हायचं, तर सुनीती म्हणायची, "नाही. आधी माहेर." सुरीला इंग्रजीत नाइफ म्हणतात, त्यातला पहिला के कुणी उच्चारत नाही. पण काढूनही टाकत नाहीत. तो के माहेरचा आहे. हे सांगताना तिचा आवाज जरा वेगळा व्हायचा.

आणि आता त्याच 'आधी माहेर'ने रंजिताचा घात केला होता. सुनीतीने कणीक झाकून ठेवली. पोरीचं काय झालं असेल घरी? नोकरीला सासूचा होकार तिने कसा मिळवला होता हे वर्गाला माहीत होतं. तिची सासू गोजराबाई. बाजारात मासळीवाल्यांशी भाव करायला लागली की बाकीची गिऱ्हाइकं ऐकत उभी राहतात, अशी बाई. "एकदा जाऊन ये. नाय झालं तर परत नाव काढायचं नाय," असं तिने सुनेला बजावून पाठवलं होतं.

दाराची बेल वाजली ती अशी, की बोट काढायचं विसरलंय असं वाटावं.

ऋताने दार उघडलं आणि आत वळून, ओठ न हलवता म्हणाली, "आई. गोजराबाई."

श्यामसुंदरने शर्टची वरची बटणं लावली. मढवींशी वाकडं घेणं इमारतीत कुणालाच परवडत नव्हतं. पाण्याचा टँकर त्यांचाच यायचा. "मी सांगत होतो," तो पुटपुटला.

गोजराबाई आत आली, खुर्चीकडे एकदा बघितलं आणि खाली सतरंजीवर बसली. अंगावर ठसठशीत दागिने, चेहऱ्यावर वादळ. तिच्या मागे दारातच रंजिता उभी, खाली मान, हातात पिशवी. तिचे डोळे सुजलेले होते.

"पाणी देऊ?" सुनीती म्हणाली.

"पानी नको. मना आदी सांगा बाई, तुमी इंग्रजी शिकवता का माहेर शिकवता?"

श्यामसुंदरने सुनीतीकडे बघितलं. घे, असं.

"गोजराबाई, चूक माझी आहे," सुनीती म्हणाली. तिने हात पदराला पुसले आणि तिच्यासमोर खालीच बसली. "तिला काही बोलू नका. आधी माहेर सांगायचं हे मीच तिच्या डोक्यात भरवलं."

"त्येच! त्येच बोलाया आले मी. आट महिने झाले, घरात भांडी घासता घासता माहेर, भाकरी थापता थापता माहेर. कंचा शबूद कुटून आला, ह्याची माहेरवाट लांब का त्याची. मी म्हटलं, शिकू दे, शबूदच हायत, कुटं जातायत. तर हिनं काय केलं? नोकरी बी माहेरातच धरली!"

"धरली म्हणजे?" सुनीतीने विचारलं.

"धरली म्हंजे धरली. तुमाला नाय कळत? सोमवारपासून बोलावलंय. तो यार्ड कुटं हाय म्हायती हाय का? हिच्या बापाच्या घराच्या मागं! भिंतीला भिंत. रोज दुपारी माझी सून आयशीच्या हातचं जेवनार, आन मी हितं डबा कुनाला भरू?"

सुनीतीच्या छातीवरून काहीतरी मोठं ओझं उचलून कुणी खाली ठेवावं तसं झालं. तिने भिंतीला पाठ टेकली. गॅलरीत माईंचे हात थांबले होते, ते परत सुरू झाले.

"अगं, मग रडत का होतीस काल?" तिने रंजिताला विचारलं. "वेणूबाईंनी सांगितलं, सगळे हसले म्हणून."

"हसले ना बाई." रंजिता आता आत आली आणि सासूच्या मागे, जरा अंतर ठेवून बसली. "साहेबांनी विचारलं, बिल ऑफ लेडिंग म्हणजे काय. मी सुरू केलं की लेडिंग आणि लेडल या सख्ख्या बहिणी. जुन्या इंग्रजीत एकच शब्द होता, भरणं आणि पाणी उपसणं दोन्हीला. एक बहीण बंदरावर गेली ती माल भरायला लागली, दुसरी स्वयंपाकघरात गेली ती डाव झाली, आमटी वाढायचा. तर तिथली टायपिस्ट हसली. मग शिपाई हसला. मग साहेबच हसले."

"आणि तू?"

"मी थांबले नाही. थांबले असते तर तिथंच रडले असते. पुढे सांगितलं, जहाजावर माल भरला की त्याची पोच म्हणून जो कागद देतात, ज्याच्या हातात तो कागद त्याला माल मिळतो, ते बिल ऑफ लेडिंग. मग त्यांनी डॅमरेज विचारलं. मी म्हटलं सर, खरं नाव डिमरेज, डिमरच्याच घरची, रेंगाळणारी. माल रेंगाळला की पैसे भरा. साहेब म्हणाले, पुरे पुरे, सोमवारी ये. पण पुढच्या वेळी आधी अर्थ सांग. दारात ट्रेलर उभा असतो, ड्रायव्हरला बहिणी ऐकायला वेळ नसतो."

"मग रडलीस कशाला पोरी?"

रंजिताने सासूच्या पाठीकडे बघितलं. "बसमध्ये बसले तेव्हा लक्षात आलं, यार्ड कुठंय ते मी घरी सांगितलंच नाही. म्हटलं, आता घरी कसं सांगू?"

"बगा!" गोजराबाई म्हणाली. "मी काय वाघ हाय?"

ऋता आत पळाली. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. श्यामसुंदर घसा खाकरत म्हणाला, "पण म्हणजे साहेबांनीही सांगितलंच ना, की पद्धत उलटी आहे."

"त्यांनी कशाला, मी सांगते," गोजराबाई त्याच्याकडे न बघता सुनीतीला म्हणाली. "तुमचं शिकवनं उलटं हाय बाई. हळदीकुंकवाला बाई दारात आली की कोन काय इचारतं? कोनाची सून? आदी सासर कळलं की तिला बसाया पाट कुटं द्यायचा ते समजतं. मंग बसल्यावर, निवांत, इचारायचं, माहेर कंचं गो? ते मनापासून इचारायचं. दारात उबी करून नाय."

सुनीती तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं नाइफमधल्या त्या मुक्या 'के'साठी ती भांडत आली होती. आणि ही बाई तिला सांगत होती की माहेर दारात उभ्याने सांगायची गोष्ट नाही, बसून सांगायची आहे. यात माहेर कमी कुठं होत होतं? उलट त्याला बसायला जागा मिळत होती.

"पटलं," सुनीती म्हणाली.

"पटलं ना? मंग आता माझं एक काम करा. हिला तुमच्या तोंडानं सांगा, डबा हितूनच न्यायचा."

रंजिताने मान आणखी खाली घातली, पण ओठ घट्ट मिटले होते. हरकत तिथं स्पष्ट दिसत होती, मागून ई-बिई काही चिकटली नव्हती.

"ते नाही सांगणार मी गोजराबाई," सुनीती हसली. "मी इंग्रजी शिकवते. डब्याचं तुम्ही सासू-सुना बघा."

"अस्सं? बरं." गोजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "एक दिवस आयशीचं, एक दिवस माझं. पन बुधवारी माझंच. बुधवारी मी खाडीतल्या निवट्यांचं कालवण करते." मग तिने रंजिताच्या हातातली पिशवी घेऊन सुनीतीसमोर ठेवली. "ह्यात पेढे हायत. आमच्या घरातले नाय, दुकानातले, तुमाला चालतील. पोरीचं इंग्रजी तुमच्यामुळं झालं. पद्धत सुधारा मातर."

आणि ती गेली. जिन्यावरून तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. सून नोकरीला लागल्याचं ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती, आणि यार्ड कुठं आहे तेही.

दार लावून सुनीती उभी राहिली. हलकं वाटत होतं. काल रात्रीपासून आपण किती घाबरलो होतो हे तिला आत्ता कळत होतं. पोरीचं नुकसान झालं नव्हतं. बाकीचं सगळं नंतरचं.

माईंनी पेढ्याचा पुडा उघडला, एक तोंडात टाकला. "दुकान चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

"सुनीती," श्यामसुंदर म्हणाला. आवाज परत मऊ झाला होता. "आनंदाचीच गोष्ट आहे. पण एकीचं झालं म्हणून... क्लासवाल्यांना मी शब्द दिलाय. आणि तू पण मघाशी म्हणालीस—"

"नापास झाली असेल तर, म्हणाले."

"हो, पण हॉलचं काय? ऋताची दहावी आहे पुढच्या वर्षी. रोज दुपारी दहा बायका, दारात चपलांचा ढीग..."

"बाबा, मी दुपारी शाळेत असते," ऋता आतून म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस."

सुनीती स्वयंपाकघरात गेली. कणकेचा गोळा घेतला, तवा ठेवला. पहिली पोळी लाटली, टाकली, उलटली. तिला वाटलं होतं, आता भांडण होईल, ती बोलेल, तो बोलेल, माई मधेच काहीतरी म्हणतील. पण भांडायला तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं. जे व्हायचं ते ठरून गेलं होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं. पोळी फुगली. तिने ती टोपलीत टाकली, हात धुतले आणि हॉलच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी क्लासवाल्यांकडे जाणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही शब्द दिलाय, तुम्हीच जाऊन नाही म्हणून सांगा. दुपारी तीन ते पाच हा हॉल वर्गाचा. उद्यापासून आधी अर्थ, मग माहेर. पानं घ्या."